कोर्टात जेवणाच्या प्लेट्स घेऊन आलेला पुढारी

दुसऱ्या महायुद्धाच्या काळातल्या ब्रिटनबद्दल बोलणं निघालं की गाडी चर्चिलवर येऊन थांबते, फार तर पुढे ॲटलीपर्यंत जाते. पण या दोघांच्याही मंत्रिमंडळात एक माणूस होता, आडवातिडवा देह, जाड फ्रेमचा चष्मा, बोलताना शब्दातला ह सरळ गिळून टाकायची वेस्ट कंट्रीतल्या (इंग्लंडचा नैऋत्य भाग) कामगारांची बोली, आणि शिक्षण म्हणाल तर वयाच्या अकराव्या वर्षी शाळा सुटलेली. अर्नेस्ट बेव्हिन. आधी चर्चिलचा कामगारमंत्री, नंतर ॲटलीचा परराष्ट्रमंत्री. (एनएचएस, म्हणजे ब्रिटनची सरकारी आरोग्यसेवा, तीवाला अन्यूरिन बेव्हन वेगळा हां, तो वेल्सचा खाणकामगार, पक्ष एकच पण दोघांचं अजिबात जमायचं नाही, त्याच्यावर पुढे येतोच.)

गरीब घरातला पोरगा मोठा झाला अशा गोष्टी आपण भरपूर वाचतो आणि त्या सगळ्या साधारण एकाच वळणाने जातात, हुशार होता, जिद्दी होता, वर गेला. बेव्हिनच्या बाबतीत मला वेगळंच काहीतरी दिसतं आणि म्हणूनच हे लिहितोय. हा माणूस एकटा वर गेला नाही, तो युनियन घेऊन वर गेला, आणि मालकासमोर टेबलाला बसून घासाघीस करायची जी पद्धत तो गोदीत शिकला तीच त्याने मंत्रालयात वापरली, वॉशिंग्टनशी बोलताना वापरली, मॉस्कोशी वापरली. जिथे ती चालली तिथे त्याने इतिहास घडवला, आणि जिथे ती चालण्यासारखी नव्हती तिथे तो जोरात आपटला.

जन्म १८८१ चा, सॉमरसेटमधल्या विन्सफर्ड नावाच्या खेड्यातला. बाप कोण ते कधी कळलंच नाही. आई डायना लोकांच्या घरची कामं करायची, सुईणपण करायची, ती १८८९ मध्ये गेली तेव्हा हा आठ वर्षांचा. मग डेव्हनमध्ये सावत्र बहिणीच्या घरी. १८९२ मध्ये शाळा संपली आणि शेतावर मजुरी सुरू झाली. तिथली एक गोष्ट मला फार आवडते. तो ज्या शेतकऱ्याकडे कामाला होता त्या घरी संध्याकाळी पेपर मोठ्याने वाचून दाखवायचं काम याच्याकडे असायचं, बातम्या, अग्रलेख, पार्लमेंटमधली भाषणं, सगळं. दिवसभर शेतात राबून आलेला अकरा-बारा वर्षांचा पोरगा चुलीपाशी बसून लंडनमधल्या मंत्र्यांची भाषणं वाचतोय. त्याचं राजकारणाचं शिक्षण तिथेच सुरू झालं असं मला वाटतं.

तिथून ब्रिस्टल. बेकरीत काम, हॉटेलात पोऱ्या, अशी मिळेल ती कामं करत करत शेवटी मिनरल वॉटरच्या बाटल्या पोचवणाऱ्या घोडागाडीवर ड्रायव्हर म्हणून टिकला. बाप्टिस्ट चर्चमध्ये जायचा, तिथल्या चर्चामंडळात बोलायला लागला, आसपासच्या चॅपेलमध्ये प्रवचनंही द्यायचा, म्हणजे आवाज तिथे कमावला. हळूहळू देवाधर्माकडून समाजवाद्यांच्या सभांकडे वळला. १९०८ मध्ये ब्रिस्टलमध्ये बेकारी प्रचंड वाढली होती तेव्हा याने एका रविवारी बेकार कामगारांचा मोर्चा काढला आणि तो सरळ कॅथीड्रलमध्ये नेला, ऐन प्रार्थनेच्या वेळेला. घोषणा नाहीत, दगडफेक नाही, फाटक्या कपड्यातली माणसं गुपचूप उभी राहिली आणि शहरातल्या सुखवस्तू लोकांना त्यांच्याकडे बघावंच लागलं. समोरच्याला आकडे किंवा तत्त्वज्ञान ऐकवत बसण्यापेक्षा जे आहे ते त्याच्या डोळ्यासमोर नेऊन उभं करायचं, ही त्याची खासियत इथूनच दिसते.

१९१० मध्ये ब्रिस्टलजवळच्या ॲव्हनमथच्या गोदीत संप झाला. गोदी कामगार संपावर, पण माल वाहणारे गाडीवान वेगळे, त्यांची संघटनाच नाही, म्हणजे मालक त्यांना गोदी कामगारांच्या विरोधात वापरणार हे उघड होतं. बेव्हिन स्वतः गाडीवान. त्याने ब्रिस्टलच्या गाडीवानांना एकत्र केलं आणि डॉकर्स युनियनचीच शाखा बनवून टाकली. दुसऱ्या वर्षी तो युनियनचा पगारी कार्यकर्ता झाला आणि घोडागाडी सुटली ती कायमची.

आता गोदीतलं काम कसं चालायचं ते सांगायलाच पाहिजे कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. कायम नोकरी हा प्रकारच नव्हता. सकाळी गोदीच्या गेटवर माणसांचा घोळका जमायचा, फोरमन यायचा, बोटाने दाखवायचा तू, तू आणि तू, बाकीच्यांनी घरी जायचं. दुपारी परत तेच. काम मिळालं तर तेही अर्ध्या दिवसाचं. फोरमनला दारू पाजणारे, त्याच्या ओळखीतले, त्यांचा नंबर आधी, पुढे येण्यासाठी धक्काबुक्की, मारामाऱ्या. जहाज आलं नाही तर कमाई शून्य. आणि जे काम मिळायचं ते म्हणजे गव्हाची, साखरेची जड पोती पाठीवर घेऊन दिवसभर चढउतार करायची. बेव्हिनला या पद्धतीची इतकी चीड होती की ती त्याच्या डोक्यातून शेवटपर्यंत गेली नाही.

१९२० च्या सुरुवातीला गोदी कामगारांनी मागणी केली, दिवसाला १६ शिलिंग मजुरी आणि ४४ तासांचा आठवडा (तेव्हा १२ पेन्सचा एक शिलिंग, २० शिलिंगचा एक पौंड). बेव्हिनने संपाऐवजी चौकशी मागितली. लॉर्ड शॉ यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी कोर्ट बसलं. मालकांच्या बाजूने सर लिंडन मॅकॅसी, किंग्ज कौन्सेल, म्हणजे तिथला मोठ्यातला मोठा वकील. कामगारांकडून कोण? वकील नाहीच. शाळा सोडलेला गाडीवान उभा राहिला आणि नुसती सुरुवातीची मांडणी त्याने जवळजवळ ११ तास केली, काही दिवस मिळून. राहणीमानाचा खर्च, जहाज कंपन्यांचा नफा, कामाचे तास, सगळं.

मालकांनी मग तज्ज्ञ आणला, प्रोफेसर बोली, संख्याशास्त्रातलं मोठं नाव. एका कामगार कुटुंबाला जगायला आठवड्याला किती पैसे पुरतात, किती कॅलरी लागतात, याचा हिशोब त्यांनी मांडला. कागदावर अगदी पक्का हिशोब. आता यावर बोलणार काय? दुसरा एखादा पुढारी असता तर आकड्यांवर आकडे फेकत बसला असता. बेव्हिन आपल्या सेक्रेटरीला घेऊन लंडनच्या ईस्ट एंडमध्ये कॅनिंग टाउनच्या बाजारात गेला, प्रोफेसरच्या बजेटात जेवढं बसतं तेवढंच सामान घेतलं, शिजवलं, प्लेटमध्ये वाढलं आणि त्या प्लेट्स कोर्टात आणून टेबलावर ठेवल्या. बेकनचा एवढासा तुकडा, थोडीशी मासळी, पाव. आणि प्रोफेसरला विचारलं की दिवसभर पाठीवर पोती वाहणाऱ्या माणसाला हे पुरेल का ते सांगा. त्याच्या जोडीला लंडनच्या महागड्या सॅव्हॉय हॉटेलचं मेनूकार्डही आणलं होतं, मालक मंडळी दुपारचं कुठे आणि कितीचं जेवतात ते दाखवायला.

मला हा प्रसंग कितीही वेळा वाचला तरी अंगावर काटा येतो. कारण यात नाटक असलं तरी खोटं काही नाही. प्रोफेसरने खोटं लिहिलं नव्हतं आणि बेव्हिननेही त्याच्या आकड्यांना हात लावला नाही, ते आकडे फक्त शिजवून दाखवले. निकाल कामगारांच्या बाजूने लागला, १६ शिलिंग मिळाले, आणि गेटवरची ती रोजची निवड बंद करून कामगारांची नोंदणी करावी अशी शिफारसही आली (ती अमलात यायला मात्र अजून पुष्कळ वर्षं जायची होती). पेपरवाल्यांनी त्याचं नाव ठेवलं डॉकर्स के.सी., गोदी कामगारांचा वकील. तेव्हा तो ३९ वर्षांचा होता.

त्याच वर्षी मे महिन्यात लंडनच्या गोदीत जॉली जॉर्ज नावाच्या जहाजावर पोलंडला जाणारा दारूगोळा चढवायला कामगारांनी नकार दिला, रशियातल्या नव्या कामगार सरकारविरुद्ध वापरला जाणार म्हणून, आणि बेव्हिन त्यांच्या पाठीशी उभा राहिला. हे सांगायचं कारण एवढंच की पुढे ज्याला कट्टर सोव्हिएतविरोधी म्हणून ओळखलं गेलं तो माणूस सुरुवातीला कुठे उभा होता ते माहीत असावं.

१ जानेवारी १९२२ ला ट्रान्सपोर्ट अँड जनरल वर्कर्स युनियन सुरू झाली, १४ युनियन एकत्र करून. ऐकायला सोपं वाटतं पण प्रत्येक युनियनचा सेक्रेटरी म्हणजे आपापल्या गल्लीतला राजा, त्यांची पदं, पेन्शनं, मानपान सगळं सांभाळून हे जमवायचं होतं. बेव्हिनने त्यातून रचना काढली की प्रत्येक धंद्याचा गट वेगळा, गोदीवाल्यांचा, बसवाल्यांचा, त्यांचे प्रश्न ते सोडवणार, पण तिजोरी एक आणि संपाचा अंतिम निर्णय एका जागी. सुरुवातीला सुमारे तीन लाख सभासद होते, दुसरं महायुद्ध येईपर्यंत आकडा दुपटीच्या आसपास गेला आणि ती जगातल्या सगळ्यात मोठ्या युनियनपैकी एक झाली. लंडनमध्ये ट्रान्सपोर्ट हाउस बांधलं, लेबर पार्टीचं मुख्यालय कित्येक वर्षं त्याच बिल्डिंगमध्ये होतं, म्हणजे पक्ष अक्षरशः युनियनच्या घरात राहत होता.

१९२६ मध्ये खाणकामगारांच्या पाठिंब्यासाठी सार्वत्रिक संप झाला, त्यात तो मुख्य आयोजकांपैकी एक होता. नऊ दिवसात संप मागे घ्यावा लागला, खाणकामगार एकटे पडले. त्या पराभवातून त्याने धडा घेतला की सरकारशी रस्त्यावर भिडून जिंकता येत नाही, जिथे निर्णय होतात त्या टेबलाला बसायला मिळालं पाहिजे. १९२९ पासून तो मॅकमिलन कमिटीवर होता, बँकिंग आणि उद्योगाचा अभ्यास करणारी सरकारी समिती, शेजारी केन्ससारखा अर्थतज्ज्ञ. आणि बेव्हिन तिथे गप्प बसला नाही, पौंड सोन्याला बांधून ठेवल्यामुळे मजुरीवर कुऱ्हाड येते हे त्याला त्याच्या अनुभवातून कळत होतं आणि तो केन्सच्या बाजूने बोलला, तेही बाकीचे बडे लोक अजून जुन्याच मताला चिकटून असताना. एकदा राजाने विचारलं म्हणे की एवढं ज्ञान कुठून मिळवलंत, तर हा म्हणाला, अनुभवाच्या कुंपणावरून तोडून घेतलं.

सगळंच कौतुक करण्यासारखं नव्हतं, तेही लिहितो. तो युनियनला माझी युनियन म्हणायचा आणि तसंच वागायचा. १९३७ मध्ये राजाच्या राज्याभिषेकाच्या वेळी लंडनच्या बसवाल्यांनी संप केला, तो हरल्यावर त्यांच्या स्थानिक पुढाऱ्यांवर याने कडक कारवाई केली, काहींना युनियनमधून काढलं. विरोध सहन व्हायचा नाही, राग वर्षानुवर्षं धरून ठेवायचा. १९३५ च्या ब्रायटन अधिवेशनात पक्षाचा नेता जॉर्ज लॅन्सबरी, म्हातारा, सगळ्यांचा लाडका, शांततावादी, त्याला भर सभेत सुनावलं की आपली सदसद्विवेकबुद्धी या संस्थेतून त्या संस्थेत फिरवत त्याचं काय करू ते विचारत बसू नका. लोक हळहळले. थोड्या दिवसांत लॅन्सबरीने राजीनामा दिला. क्रूर होतं ते, पण मुद्दा मला बेव्हिनचाच पटतो. जर्मनीत हिटलरने युनियन मोडून पुढाऱ्यांना तुरुंगात टाकलं होतं, आणि त्या माणसासमोर प्रार्थना पुरणार नाही हे युनियनवाल्याला आधी कळलं.

मे १९४० मध्ये चर्चिलने त्याला कामगारमंत्री केलं. तेव्हा तो खासदारही नव्हता, वयाच्या ५९ व्या वर्षी वॉन्ड्सवर्थमधून बिनविरोध निवडून आणून पहिल्यांदा पार्लमेंटमध्ये आणला. २२ मे च्या कायद्याने त्याच्या हातात जे अधिकार आले ते ब्रिटनमध्ये कुठल्याही कामगारमंत्र्याकडे आधी नव्हते, देशातल्या कोणत्याही माणसाला तो कोणत्याही कामावर पाठवू शकत होता. मजा बघा, त्याने सुरुवातीला ते अधिकार अगदी जपून वापरले. त्याचं म्हणणं असं की माणसाला बांधून ठेवायचं असेल तर आधी मालकालाही बांधा. १९४१ च्या आदेशाने कामगाराला महत्त्वाचा कारखाना सोडता येत नव्हता पण मालकालाही त्याला सहज काढता येत नव्हतं, आणि पगार, कामाची परिस्थिती, हे बरं असेल तरच तो कारखाना त्या यादीत. मोठ्या कारखान्यांना कँटीन सक्तीची झाली, डॉक्टर, नर्स, पाळणाघरं याकडे लक्ष गेलं. त्या वर्षाच्या शेवटी बायकांनाही सक्तीने कामावर बोलवायचा कायदा झाला. गरम जेवणाची प्लेट परत आलीच की नाही, यावेळी सरकारी हुकमाने.

बेव्हिन बॉइज हे नाव कदाचित ऐकलं असेल. डिसेंबर १९४३ पासून सैन्यात भरती होणाऱ्या तरुणांच्या नोंदणी क्रमांकाचा शेवटचा आकडा चिठ्ठीने काढायचे, ज्यांचा निघाला ते सैन्याऐवजी कोळशाच्या खाणीत. कॉलेजातला असो की मोठ्या घरचा, सूट नाही. जवळजवळ ४८ हजार तरुण असे खाणीत गेले, चिठ्ठीने आलेले, स्वतःहून आलेले असे सगळे धरून. त्यांना ना युनिफॉर्म ना मेडल, रस्त्यात लोक पळपुटे समजून टोमणे मारायचे. या बाबतीत त्यांच्यावर अन्याय झाला असं माझं स्पष्ट मत आहे. भारताशी संबंधित अशीही एक योजना होती, १९४१ पासून भारतीय तरुण कामगारांना ब्रिटनला नेऊन कारखान्यात तांत्रिक ट्रेनिंग द्यायचं, राहायला ब्रिटिश कामगारांच्या घरी, युनियनचं कामकाजही बघायचं, मग परत. युद्धाला कुशल हात हवे होते हा हिशोब होताच, पण गोऱ्या कामगाराच्या घरात एका टेबलावर जेवणारा भारतीय फिटर ही त्या काळात साधी गोष्ट नव्हती.

आणि १९४४ मध्ये त्याने महत्त्वाच्या उद्योगात संपाची चिथावणी देणं गुन्हा ठरवणारा नियम आणला. तेव्हा तो दुसरा, वेल्सचा बेव्हन, सभागृहात त्याच्यावर तुटून पडला, कामगारांचा पुढारी कामगारांवरच कायदा चालवतो म्हणून. त्या वादात मी बेव्हनच्या बाजूने आहे.

१९४५ मध्ये लेबर पार्टी प्रचंड बहुमताने आली. सगळ्यांना वाटलं बेव्हिन अर्थमंत्री होणार, झाला परराष्ट्रमंत्री. त्या खात्यात खानदानी शाळांतून आलेली मंडळी, आणि त्यांचा साहेब बोलताना ह खाणारा. पण ते लोक त्याच्यावर जाम खूश असायचे, कारण तो ऐकून घ्यायचा, ठरवायचा आणि ठरवलेलं मंत्रिमंडळात मंजूर करून आणायचा. तुमचं धोरण काय असं विचारल्यावर म्हणाला होता, व्हिक्टोरिया स्टेशनवर तिकीट काढून मला पाहिजे तिथे जाता आलं पाहिजे, बस.

जून १९४७ मध्ये अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री मार्शल यांनी हार्वर्डला भाषण केलं, युरोपने आपली योजना आखावी, अमेरिका मदत करेल, असं मोघम. आकडा नाही, तपशील नाही. बेव्हिनने रेडिओवर ऐकलं. खात्यातल्या अधिकाऱ्याने सुचवलं की वॉशिंग्टनला विचारून घेऊ, नेमकं काय म्हणायचंय. बेव्हिन म्हणाला अजिबात विचारायचं नाही, ते बोललेत त्यावरच आपण चालायचं. हे शंभर टक्के युनियनवाल्याचं डोकं! मालक चुकून का होईना काही देतो म्हणाला की खुलासा मागायचा नसतो, लगेच हो म्हणून कामाला लागायचं. तो पॅरिसला गेला, फ्रान्सला धरलं, रशियाचा मोलोटोव्ह चर्चेतून उठून गेला, आणि जुलैत १६ देशांची बैठक बसली सुद्धा. मार्शल प्लॅन उभा राहिला त्यात त्याच्या या घाईचा फार मोठा वाटा आहे. पुढे रशियाने रस्ते अडवलेल्या बर्लिनला विमानातून रसद, एप्रिल १९४९ मध्ये नाटो, तेही त्याच धडाक्यात. अणुबॉम्बबद्दल १९४६ च्या गुप्त बैठकीत खर्चाच्या कारणाने प्रस्ताव पडायच्या बेतात होता तेव्हा हा म्हणाला की कितीही खर्च होऊ दे, बॉम्ब आपल्याकडे पाहिजेच आणि त्यावर आपला युनियन जॅक पाहिजे. मला हे वाचून वाईट वाटतं. घरी रेशनवर जगणारे लोक आणि साहेबाला बॉम्बवर झेंडा हवा.

आणि पॅलेस्टाईन, तेव्हा ब्रिटनच्या ताब्यात असलेलं. १९४५ मध्ये त्याने सभागृहात सांगितलं की हा प्रश्न सोडवण्यावर मी माझं राजकीय भवितव्य पणाला लावतो. त्याला खरंच वाटत होतं की दोन बाजूंना खोलीत बसवलं, दमवलं, की कुठेतरी मध्ये तोडगा निघतोच, मजुरीच्या वाटाघाटीत निघतो तसा. पण मजुरीत आकडा असतो, १४ आणि १६ च्या मध्ये १५ असतो. इथे एका बाजूला छळछावण्यांतून वाचून आलेली माणसं, दुसऱ्या बाजूला पिढ्यानपिढ्या तिथे राहणारे अरब, यांच्यात १५ कुठून आणणार? एक लाख ज्यूंना येऊ द्यावं अशी शिफारस आली ती त्याने मानली नाही. १९४६ मध्ये बोर्नमथला म्हणाला की अमेरिकनांना न्यूयॉर्कमध्ये जास्त ज्यू नको आहेत म्हणून ते त्यांना पॅलेस्टाईनला पाठवा म्हणतात. असलं बोलणं, तेही गॅस चेंबर उघडकीला आल्यानंतर दोन वर्षांच्या आत, याला माफी नाही. १९४७ मध्ये पॅलेस्टाईनला निघालेल्या एक्सोडस जहाजावरचे साडेचार हजारांहून जास्त ज्यू निर्वासित परत नेऊन उतरवले ते कुठे, तर जर्मनीत, हॅम्बुर्गला. शेवटी प्रश्न युनोकडे टाकला आणि मे १९४८ मध्ये ब्रिटन तिथून निघून गेलं, मागे युद्ध ठेवून.

भारताच्या बाबतीतही आपल्या बाजूचा होता असं समजू नका. जानेवारी १९४७ मध्ये त्याने ॲटलीला पत्र लिहून भारत सोडण्याची तारीख ठरवायला विरोध केला होता, साम्राज्य पडतंय असं जगाला दिसेल म्हणून. ॲटलीने उलट विचारलं, मग तुमच्याकडे दुसरा मार्ग काय आहे? तो नव्हता. त्यानंतर मात्र आडवा आला नाही. ॲटलीवर त्याची निष्ठा पूर्ण होती, १९४७ मध्ये ॲटलीला हटवून यालाच पंतप्रधान करायचा डाव पक्षातल्या लोकांनी टाकला तर याने दाद दिली नाही.

हृदय कधीच दगा द्यायला लागलं होतं. मार्च १९५१ मध्ये परराष्ट्र खात्यात त्याच्या सत्तराव्या वाढदिवसाची पार्टी चालू होती, जगभरातल्या कर्मचाऱ्यांनी प्रत्येकी सहा पेन्स काढले होते, जास्त नाही कमी नाही, कारण १८८९ च्या प्रसिद्ध संपात गोदी कामगारांनी तासाला सहा पेन्सच मागितले होते. राजदूत असो की टायपिस्ट, सहा पेन्स. त्याच पार्टीत त्याला कळलं की ॲटलीने खातं काढून घेतलंय. महिन्याभरात, १४ एप्रिलला तो गेला. वेस्टमिन्स्टर ॲबीमध्ये त्याच्या अस्थी आहेत.

मला विचाराल तर नाटो आणि मार्शलपेक्षाही त्याचं एक काम मला जास्त मोठं वाटतं ज्याबद्दल फारसं कोणी लिहीत नाही. गोदीच्या गेटवरची ती बोट दाखवून निवड. युद्धात कामगारमंत्री झाल्यावर त्याने बंदरांमध्ये नोंदणी सुरू करवली, आणि त्याच पायावर १९४७ मध्ये राष्ट्रीय योजना आली. नोंदणी असलेल्यालाच काम, मंडळावर अर्धे प्रतिनिधी युनियनचे अर्धे मालकांचे, आणि कामगार हजर झाला पण त्या दिवशी काम नसेल तरी त्याला हजेरीचे पैसे. १९२० मध्ये मागितलेली गोष्ट २७ वर्षांनी. घोळक्यात उभं राहणं लगेच संपलं नाही, संप होत राहिले, तक्रारी राहिल्या, पण जहाज आलं नाही म्हणून पोरं उपाशी झोपायची वेळ कायद्याने टळली. ही योजना १९८९ पर्यंत चालली, मग थॅचरच्या सरकारने ती रद्द केली, आणि तेव्हा संप करायला पुढे झाली ती बेव्हिनचीच युनियन.